व्यसनमुक्तीनंतरचे रोजगार पुनर्वसन

व्यसनमुक्तीनंतरचे रोजगार पुनर्वसन म्हणजे दारू किंवा अन्य मादक पदार्थांच्या व्यसनावर उपचार घेतलेल्या व्यक्तीला पुन्हा कामधंद्यात स्थिरावण्यासाठी दिले जाणारे नियोजनबद्ध साहाय्य होय. जुन्या नोकरीवर परतणे, नवे काम मिळवणे, शेती किंवा स्वयंरोजगार पुन्हा सुरू करणे आणि काम करत असताना व्यसनापासून दूर राहणे या सर्वांचा त्यात समावेश होतो. व्यसनाधीनता हा पुन्हा उलटू शकणारा आजार असल्याने केंद्रातून घरी पाठवल्यावर उपचार संपत नाहीत. कामावर परतणे हा त्यांचाच पुढचा टप्पा मानला जातो.

== पार्श्वभूमी ==

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक मद्यसेवन करतात. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. यांत कमावत्या वयातील पुरुषांचे प्रमाण मोठे असल्याने व्यसनाचा पहिला आर्थिक फटका कुटुंबाच्या उत्पन्नाला बसतो. वारंवार गैरहजेरी, अपघात, उसनवारी आणि शेवटी काम सुटणे असा त्याचा क्रम बहुधा असतो.

== कामाचे दुहेरी स्वरूप ==

कामामुळे दिवसाला वेळापत्रक मिळते, हाती पैसा येतो आणि घरात व समाजात गेलेली पत परत मिळू लागते. तथापि, तेच काम पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे निमित्तही ठरू शकते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या स्वमदत गटाच्या परंपरेत भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांपासून सावध राहण्यास सांगितले जाते. रात्रपाळी, घरापासून दूरची बदली, मालकाशी वाद किंवा जेवणाच्या अनियमित वेळा यांमुळे या चारही अवस्था कामाच्या ठिकाणी उद्भवू शकतात. पगाराचा दिवस आणि जुन्या सोबत्यांची संगत हीदेखील जोखमीची निमित्ते होत.

म्हणून सुरुवातीच्या काळात कामाचे तास मर्यादित ठेवणे, मोठी रोकड हाताळावी लागणारे किंवा मद्यविक्रीशी संबंधित काम टाळणे आणि मजुरी थेट बँक खात्यात घेणे असे उपाय सुचवले जातात. वाहनचालक व यंत्रचालक यांच्याबाबत कामावर परतण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला विशेष महत्त्वाचा असतो.

== पद्धती ==

; टप्प्याटप्प्याने परतणे : या पद्धतीत प्रथम उपचार, नंतर प्रशिक्षण आणि त्यानंतर काम असा क्रम असतो. दीर्घकाळ काम सुटलेल्या व्यक्तीला त्यात सवयी पुन्हा लावून घेण्यास वेळ मिळतो. मात्र उत्पन्न सुरू होण्यास विलंब होतो.

; आधी काम, सोबत आधार : १९९० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक व डेबोरा बेकर यांनी तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी ही पद्धत विकसित केली. तीत व्यक्तीला लवकरात लवकर नेहमीच्या रोजगारात आणले जाते आणि उपचार व रोजगार सल्लागाराची मदत सोबत चालू ठेवली जाते. पुढे व्यसनातून बरे होणाऱ्यांसाठीही तिचा प्रयोग झाला.

; उपचारात्मक कार्यस्थळ : बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केनेथ सिल्व्हरमन यांनी राबवलेल्या या पद्धतीत नशामुक्त राहण्याशी कामाचे वेतन जोडले जाते. ही व्यवस्था चालू असेपर्यंत चांगला परिणाम दिसतो. ती बंद झाल्यावर मात्र तो टिकेलच असे नाही. त्यामुळे आधार किती काळ द्यावा, हा प्रश्न कळीचा ठरतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये कामाच्या ठिकाणी उद्भवणाऱ्या मद्य व मादक पदार्थविषयक प्रश्नांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. अशा समस्यांकडे अन्य आरोग्य समस्यांप्रमाणे पाहावे, माहितीची गोपनीयता राखावी आणि शिस्तभंगाच्या कारवाईपेक्षा उपचारास प्राधान्य द्यावे, ही तिची प्रमुख तत्त्वे आहेत. शिस्तीची कारवाई करण्याचा मालकाचा अधिकार ती नाकारत नाही.

== महाराष्ट्रातील कार्य ==

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे या क्षेत्रातील महाराष्ट्राचे प्रमुख उदाहरण आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर केलेल्या लेखनानंतर पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांनी दिलेल्या आर्थिक साहाय्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी केंद्राच्या उपचारपद्धतीची घडी बसवली. १९९७ मध्ये त्यांच्या निधनानंतर मुक्ता पुणतांबेकर यांनी ही धुरा सांभाळली.

उपचार घेऊन बरे झालेल्या अनेकांनी मुक्तांगणमध्येच कार्यकर्ते व समुपदेशक म्हणून काम केले. पूर्वी ज्या अनुभवामुळे नोकरी गेली, तोच अनुभव येथे कामाची पात्रता ठरला. निवासी उपचारांनंतरचा पाठपुरावा, रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आणि व्यसनी महिलांसाठी ‘निशिगंध’ हा विभाग यांतून पुनर्वसनात कुटुंबाचाही विचार केला जातो. उपचारांच्या काळात घर चालवण्याची जबाबदारी बहुधा पत्नीवर आलेली असते. पती कमावता झाल्यावर पैशांचे व्यवहार पुन्हा कोणाच्या हाती जावेत, हा प्रश्न त्यामुळे समुपदेशनाचा विषय होतो.

== मराठवाड्यातील परिस्थिती ==

पुनर्वसनाच्या बहुतेक पद्धती कायम नोकरी, एकच मालक आणि मासिक पगार गृहीत धरतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात हे गृहीतक क्वचितच लागू पडते. नांदेड–देगलूर–हैदराबाद मार्गावरील नायगावसारख्या तालुक्यात रोजगार मुख्यतः शेती, शेतमजुरी, बांधकाम, वाहतूक आणि छोटे व्यवसाय यांतून मिळतो. येथे कामावर परतणे हे हंगामावर अवलंबून असते.

सालगड्याचे वर्ष पारंपरिकपणे गुढीपाडव्यापासून सुरू होते. पाडव्यानंतर केंद्रातून बाहेर पडलेल्या व्यक्तीला सालाचे काम मिळणे अवघड जाते आणि तिला रोजंदारीवर अवलंबून राहावे लागते. रोजंदारीत रोज संध्याकाळी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी रोख पैसे हाती पडतात. हीच वेळ सर्वाधिक जोखमीची असते.

ऊसतोडीच्या कामात मुकादमाकडून हंगामाआधीच मोठ्या रकमेची उचल मिळते. त्यानंतर दिवाळीच्या सुमारास पती-पत्नीची जोडी अनेक महिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. त्यामुळे पाठपुरावा, औषधे आणि स्वमदत गटाच्या सभा खंडित होण्याची शक्यता असते. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नसल्याने आजार उलटल्यास उपचारासाठी परतणेही कठीण होते. हैदराबाद परिसरात बांधकामावर जाणाऱ्या मजुरांनाही पाठपुराव्याची हीच अडचण येते.

अशा ठिकाणी संघटित उद्योगातील मालकाने पार पाडायची भूमिका कुटुंब, शेतमालक आणि शेजारी यांच्याकडे येते. स्थलांतरापूर्वी औषधांची तजवीज, दूरध्वनीवरून संपर्क आणि शक्य असल्यास पहिल्या हंगामात गावाजवळचेच काम हे उपाय येथील परिस्थितीला अधिक जुळणारे आहेत. नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांची रुग्णालये या भागातील प्रमुख शासकीय रुग्णालये आहेत. भारत सरकारची व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

== कायदेशीर चौकट ==

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मद्य व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा ‘मानसिक आजार’ या संज्ञेत समावेश आहे. त्यामुळे उपचारांविषयीची गोपनीयता व समान वागणूक यांबाबत या कायद्याने दिलेले हक्क अशा रुग्णांनाही लागू होतात. अमली पदार्थविषयक १९८५ च्या अधिनियमातील कलम ६४-अ नुसार, व्यसनाधीन व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असला आणि तिने मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार पूर्ण न केल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.

== अडचणी ==

‘दारुडा’ हा शिक्का उपचारांनंतरही पुसला जात नाही. कामावर घेताना आजार सांगितल्यास काम नाकारले जाण्याची भीती असते. लपवल्यास उपचारासाठी रजा मागणे किंवा मदत घेणे अवघड होते. महिलांच्या बाबतीत हा कलंक अधिक तीव्र असल्याने अनेकदा उपचारच घेतले जात नाहीत. जुने कर्ज ही आणखी एक अडचण होय. पहिल्या कमाईवरच देणेकऱ्यांचा तगादा सुरू झाल्यास कामातून मिळणारा आत्मविश्वास टिकत नाही. म्हणून परतफेडीचे हप्ते ठरवून घेणे हाही पुनर्वसन योजनेचा भाग असावा लागतो. व्यसन पुन्हा सुरू झाल्यास काम कायमचे बंद करण्याऐवजी उपचारानंतर परतण्याची वाट खुली ठेवल्यास रुग्ण लवकर मदत मागण्याची शक्यता वाढते.