एकेकट्या पडद्यांची एकजूट

जे चित्रपटगृह कोणत्याही मोठ्या साखळीच्या मालकीचे नसते आणि आपल्या पडद्यावर काय दाखवायचे व ते किती आठवडे ठेवायचे हे स्वतः ठरवते, त्याला स्वतंत्र चित्रपटगृह म्हणतात. ते एखाद्या कुटुंबाचे असू शकते, एखादी संस्था ते चालवत असेल किंवा नगरपालिकाही चालवत असेल. हे स्वातंत्र्य मोलाचे असले तरी व्यवहारात ते फार दुबळे ठरते, कारण एक-दोन पडद्यांच्या मालकाच्या शब्दाला वितरकाकडे वजन नसते, नव्या यंत्रसामग्रीचा खर्च त्याला एकट्याने पेलत नाही आणि अपरिचित दिग्दर्शकाचा चित्रपट लावून रिकाम्या खुर्च्यांचा तोटा किती काळ सोसायचा यालाही मर्यादा असते. फ्रान्समधील चित्रपटगृहांनी गेल्या सात दशकांत या अडचणीवर जो मार्ग काढला त्याचे सूत्र असे, की निवडीचा अधिकार प्रत्येकाने स्वतःकडे ठेवावा, पण त्या निवडीतील जोखीम मात्र सर्वांनी वाटून घ्यावी.

या प्रयत्नांची पार्श्वभूमी १९२०च्या दशकातील पॅरिसमध्ये सापडते. १९२४मध्ये व्ह्यू कोलोंबिए, १९२६मध्ये स्टुडिओ दे उर्स्युलिन आणि १९२८मध्ये मोंमार्त्र भागातील स्टुडिओ २८ ही चित्रपटगृहे प्रयोगशील चित्रपटांसाठी सुरू झाली. मात्र १९३०मध्ये लुई बुन्युएल यांचा ‘लाज दॉर’ हा चित्रपट दाखवल्याबद्दल अतिउजव्या गटांनी स्टुडिओ २८मध्ये मोडतोड केली आणि त्यानंतर चित्रपटावर बंदी आली, तेव्हा धाडसी निवड करणारे चित्रपटगृह किती एकाकी असते हेही दिसून आले. पुढे १९५५मध्ये काही समीक्षक आणि चित्रपटगृहचालक यांनी मिळून कलात्मक व प्रयोगशील चित्रपट दाखवणाऱ्या चित्रपटगृहांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली, जी ‘आफ्काए’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते, आणि त्याच वर्षी अनेक देशांतील अशा संघटनांना जोडणारा ‘सिकाए’ हा आंतरराष्ट्रीय महासंघही उभा राहिला. १९५९मध्ये आंद्रे मालरो यांच्याकडे नवे सांस्कृतिक मंत्रालय आल्यानंतर या चित्रपटगृहांना सरकारी मान्यता आणि पाठोपाठ आर्थिक साहाय्य मिळू लागले.

या साहाय्याचा पैसा मुख्यतः तिकीटबारीवरूनच येतो. चित्रपट व्यवसायाचे नियमन करणारी ‘सीएनसी’ ही सार्वजनिक संस्था १९४६मध्ये स्थापन झाली आणि १९४८पासून प्रत्येक तिकिटावर एक विशेष कर लागू झाला, ज्याचा सध्याचा दर १०.७२ टक्के आहे. हा कर देशी-विदेशी असा भेद न करता आकारला जात असल्यामुळे एखाद्या गाजलेल्या हॉलिवुडपटाचे तिकीटसुद्धा फ्रेंच चित्रपटनिर्मितीला आणि लहान चित्रपटगृहांना हातभार लावते. या निधीतील काही भाग चित्रपटगृहांच्या नावे जमा होतो आणि नव्या खुर्च्या, ध्वनियंत्रणा किंवा इमारतीची डागडुजी यांसाठी वापरता येतो. त्यात लहान चित्रपटगृहाला त्याने भरलेल्या कराच्या प्रमाणात मोठ्या चित्रपटगृहापेक्षा अधिक वाटा परत मिळतो.

मदत कोणाला मिळावी हे ठरवण्यासाठी वर्गीकरणाची पद्धत आहे. चित्रपट व्यवसायातील विविध घटकांच्या सुमारे १०० प्रतिनिधींचे एक मंडळ नव्या चित्रपटांपैकी कलात्मक मूल्य असलेल्यांची शिफारस करते, आणि चित्रपटगृहाने आपल्या एकूण खेळांपैकी किती खेळ अशा चित्रपटांना दिले यावर त्याचा दर्जा व अनुदान ठरते. हे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. महानगरातील चित्रपटगृहाकडून अधिक अपेक्षा ठेवली जाते, तर ज्या छोट्या गावात एकच पडदा आहे आणि सर्व प्रकारच्या प्रेक्षकांना त्याचाच आधार आहे, तिथे अपेक्षा कमी असते. नवे व शोधक चित्रपट, बालप्रेक्षक आणि जुन्या अभिजात चित्रपटांचा वारसा यांसाठी विशेष काम करणाऱ्यांना वेगळी मान्यताही मिळते. आज देशातील सुमारे २,००० चित्रपटगृहांपैकी निम्म्याहून अधिक चित्रपटगृहे या वर्गीकरणात मोडतात.

पैशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न चित्रपट वेळेवर मिळण्याचा होता. रिळांच्या काळात प्रती महाग असल्यामुळे त्या आधी मोठ्या शहरांत फिरत आणि लहान गावांत पोहोचेपर्यंत चित्रपटाची चर्चा विरून जाई; म्हणून १९८३मध्ये ‘एडीआरसी’ ही संस्था स्थापन करून लहान व मध्यम शहरांसाठी जादा प्रती काढण्याची सोय करण्यात आली. डिजिटल प्रक्षेपण आल्यावर पेच उलटा झाला, कारण प्रतींवरील बचत वितरकांची होत होती आणि नव्या यंत्रांचा खर्च मात्र चित्रपटगृहांच्या माथी येत होता. २०१०च्या कायद्याने वितरकांना या खर्चात अंशदान देणे बंधनकारक केले आणि ज्या लहान चित्रपटगृहांना तेवढे पुरत नव्हते त्यांना सीएनसीने स्वतंत्र मदत दिली.

बाजारातील ताकदीचा समतोल राखण्यासाठीही नियम आहेत. वितरकाचा तिकीट-उत्पन्नातील हिस्सा २५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यानच असावा असे कायदा सांगतो. चित्रपटगृहांना एकत्र येऊन चित्रपटांचे संयुक्त नियोजन करता येते, मात्र अशा गटाला सीएनसीची संमती घ्यावी लागते. आणि चित्रपट नाकारला गेल्याची तक्रार असल्यास १९८२पासून अस्तित्वात असलेल्या मध्यस्थाकडे दाद मागता येते. २००० साली एका मोठ्या साखळीने मासिक शुल्कात हवे तेवढे चित्रपट पाहण्याचे कार्ड आणले, तेव्हा प्रेक्षक कायमचे तिकडेच वळतील अशी भीती निर्माण झाली. पुढच्याच वर्षी कायद्याने अशा कार्डांना पूर्वसंमती आवश्यक केली आणि परिसरातील लहान चित्रपटगृहांना किमान रकमेच्या हमीसह त्या योजनेत सामील होण्याची वाट खुली केली.

तरीही निधी आणि नियम यांनी केवळ इमारत टिकते; संस्कृती टिकते ती प्रेक्षक घडवल्यामुळे, आणि या सहकार्याचा सर्वांत सुंदर भाग इथेच आहे. १९९४मध्ये सुरू झालेल्या ‘एकोल ए सिनेमा’ या उपक्रमात प्राथमिक शाळेतील मुले वर्षातून साधारण तीन वेळा शाळेच्या वेळेतच जवळच्या चित्रपटगृहात जातात, तिथे मोठ्या पडद्यावर निवडक चित्रपट पाहतात आणि वर्गात परतल्यावर शिक्षकांबरोबर त्यावर बोलतात. शिक्षकांसाठी त्या चित्रपटाविषयीचे अभ्याससाहित्यही तयार केलेले असते. पॅरिसमधील स्वतंत्र चित्रपटगृहांनी १९९२मध्ये आपली संघटना स्थापन केली असून ती मुलांसाठी एकत्रित कार्यक्रम आखते. आफ्काएमध्ये चित्रपटगृहचालकांचे गट नवे चित्रपट आधी पाहतात, त्यांतील काहींना पाठिंबा देतात आणि त्यांची माहितीपत्रके सदस्यांमार्फत प्रेक्षकांपर्यंत पोहोचवतात. आव्हिन्योंपासून बोर्दोतल्या एका जुन्या चर्चच्या वास्तूपर्यंत पसरलेली ‘युटोपिया’ चित्रपटगृहे आपले विनामूल्य वार्तापत्र काढतात आणि प्रत्येक चित्रपट का लावला हे त्यात मोकळेपणाने लिहितात.

हेच सूत्र पुढे युरोपभर पसरले. १९९२मध्ये स्थापन झालेल्या ‘युरोपा सिनेमाज’ या जाळ्यात आज हजाराहून अधिक चित्रपटगृहे आहेत आणि आपल्या देशाबाहेरचे युरोपीय चित्रपट किती दाखवले यानुसार त्यांना साहाय्य मिळते. कान, बर्लिन, व्हेनिस अशा महोत्सवांत चार चित्रपटगृहचालकांचे परीक्षक मंडळ एका युरोपीय चित्रपटाला विशेष मानचिन्ह देते, आणि त्यामुळे जाळ्यातील चित्रपटगृहे तो अधिक काळ पडद्यावर ठेवण्यास प्रवृत्त होतात. ही व्यवस्था निर्दोष नाही. सार्वजनिक निधीवरील अवलंबित्व, शिफारस मंडळाच्या अभिरुचीची मर्यादा आणि दर बुधवारी प्रदर्शित होणाऱ्या नव्या चित्रपटांची गर्दी यांवर तिथे सतत वाद होतो. पण तिने तयार केलेल्या प्रेक्षकवर्गाचा लाभ परभाषांतील चित्रपटांनाही होतो, आणि २०१४च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेलेला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट २०१६मध्ये फ्रान्सच्या पडद्यांवर प्रदर्शित झाला, तो याच वातावरणात.

महाराष्ट्राला ही वाट सर्वस्वी अनोळखी नाही. १९५९मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झाले, १९६४मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि १९६८मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ उभे राहिले. संग्रहालयातील आणि परदेशी दूतावासांकडून मिळालेल्या चित्रपटांच्या प्रती एकमेकांत फिरवून फिल्म सोसायट्यांनी जाणत्या रसिकांच्या पिढ्या घडवल्या. परंतु बहुतेक सोसायट्यांकडे रसिक होते आणि स्वतःचा पडदा नव्हता, तर गावोगावच्या एकपडदा चित्रपटगृहांकडे पडदा होता आणि अशा रसिकांशी नाते नव्हते. फ्रान्सच्या अनुभवातून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे, की पडदा, रसिक, शाळा आणि सार्वजनिक निधी यांना एका नियमबद्ध व्यवस्थेत जोडले, तरच वेगळ्या वाटेच्या चित्रपटाला त्याचा प्रेक्षक सापडेपर्यंत पडद्यावर थांबण्याची सवड मिळते. आणि ती सवड मिळवून देण्याची जबाबदारी एकट्या चित्रपटगृहमालकाच्या आवडीवर आणि खिशावर सोडून चालत नाही.