शिक्षा सारखीच, मजुरी दहापट वेगळी : तुरुंगातलं काम आणि विरंगुळा, नियम काय सांगतो?

बिदर/कलबुर्गी : भालकी आणि उदगीर हे दोन्ही तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत भालकी आजच्या कर्नाटकात राहिलं, उदगीर महाराष्ट्राच्या बाजूला गेलं. बाजारहाट आणि सोयरिकी आजही इकडून तिकडे चालूच आहेत. तुरुंगातल्या घामाची किंमत मात्र सीमेवर बदलते.

समजा, दोन्हीकडच्या एकेका माणसाला आपापल्या राज्यात सारख्याच गुन्ह्यासाठी सात वर्षं सक्तमजुरी झाली. एक कलबुर्गीच्या मध्यवर्ती कारागृहात गेला, दुसरा छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलला. दोघंही सुतारकामाला लागले. महिन्याअखेर दोघांच्या खात्यावर किती जमा होईल?

हिशेब असा आहे

कर्नाटकाने 2023 च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या दरवाढीत शिकाऊ कैद्याची मजुरी दिवसाला 524 रुपये केली आणि अतिकुशल कैद्याची 663 रुपये. महाराष्ट्रातही 2023 च्या ऑगस्टमध्ये दरवाढ झाली. तिथं अकुशलला 53, अर्धकुशलला 67, कुशलला 74 आणि खुल्या कारागृहातल्या कैद्याला 94 रुपये ठरले.

महिन्याचे 26 दिवस धरले, तर कलबुर्गीतला नवखा कैदी 13,624 रुपये कमावतो आणि हर्सूलमधला 1,378 रुपये. फरक 12,246 रुपयांचा, म्हणजे जवळपास दहापट.

महाराष्ट्रात कैद्यांसाठी काहीच होत नाही, असं मात्र नाही. राज्य सहकारी बँकेने 2022 मध्ये येरवडा कारागृहातून ‘जिव्हाळा’ ही कर्ज योजना सुरू केली. सात टक्के व्याजाने 50 हजारांपर्यंत कर्ज, तेही तारणाशिवाय. योजना चांगलीच आहे. पण महिन्याला तेराशे-चौदाशे रुपये मिळवणाऱ्याने सगळी कमाई हप्त्यात घातली, तरी 50 हजार फिटायला तीन वर्षांच्या वर लागतात. मग घरी पाठवायला काय उरणार?

काम सक्तीचं, पण फुकट नाही

सक्तमजुरी म्हणजे वेठबिगार नव्हे. राज्यघटनेचं कलम 23 वेठबिगारीला मनाई करतं. गुजरातच्या कैद्यांच्या मजुरीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा 1998 च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याकडून काम करून घेता येतं, पण त्याचा न्याय्य मोबदला द्यावा लागतो. किमान वेतनातून जेवणखाण आणि कपड्यांचा खर्च वजा करायला न्यायालयाची हरकत नव्हती. मजुरीचा काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी बाजूला काढावा, असंही त्याच निकालात सांगितलं गेलं.

हा शेवटचा मुद्दा सहसा कुणी बोलत नाही. ‘आमचा शेतमजूर उन्हात राबतो आणि कैद्याला पाचशे रुपये?’ हा प्रश्न कट्ट्यावर हमखास येतो, आणि तो खोटाही नाही. पण शेतमजुराला मजुरी कमी मिळत असेल, तर ती वाढवली पाहिजे. कैद्याला फुकट राबवून शेतमजुराच्या घरात एक रुपयाही जास्त येत नाही. उलट 53 रुपयांतून पीडित कुटुंबासाठी काय काढणार आणि कैद्याच्या लेकरांच्या शाळेला काय पाठवणार? मजुरी नीट असेल, तरच भरपाईच्या गोष्टीला अर्थ आहे.

कुणाला कुठलं काम द्यायचं, हाही प्रश्न आहेच. जात बघून झाडलोट आणि संडास सफाई वाटून देणारे नियम कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमावलींत होते. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. काम करण्याची सक्ती सक्तमजुरीची शिक्षा लागलेल्यांनाच असते. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी जवळपास 76 टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली लागलेला नाही असे. त्यांच्यावर कामाची सक्ती करता येत नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी दिवस कसा काढायचा, हाच मोठा प्रश्न असतो.

विरंगुळा की चैन?

ऑगस्ट 2024 मध्ये खून खटल्यातला आरोपी, अभिनेता दर्शन याचा बंगळुरूच्या परप्पन अग्रहार तुरुंगातला फोटो बाहेर आला. हिरवळीवर खुर्ची, हातात सिगारेट आणि कप. अधिकारी निलंबित झाले, दर्शनला बळ्ळारीला हलवलं. ‘तुरुंग म्हणजे हॉटेल झालंय’ असं लोक म्हणाले, ते साहजिकच होतं.

पण इथं दोन गोष्टींची गल्लत होते. पैसा आणि ओळख यांच्या जोरावर मिळते ती चैन. नियमाने सगळ्यांना सारखा मिळतो तो विरंगुळा. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये मंजूर केलेल्या नेल्सन मंडेला नियमांत बाहेर काम नसलेल्या कैद्याला रोज निदान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम, प्रत्येक तुरुंगात वाचनालय, आणि काम करणाऱ्यांना आठवड्याला एक सुट्टी सांगितली आहे. यात लाड कुठे आहेत?

मराठी माणसाला तर हे नव्याने सांगायची गरज नाही. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. पुढे मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक मराठीत लिहिलं. ते छापायला बाहेर पाठवू देईना म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि निकाल संझगिरींच्या बाजूने लागला. नियम मोडत नसेल, तर कैद्याचं लिहिणं सरकारला मनमानीने अडवता येत नाही, हे तेव्हापासून ठरलेलं आहे.

शिक्षा म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य काढून घेणं. घामाचा मोबदला, आठवड्याची सुट्टी आणि हातातलं पुस्तक काढून घ्या, असं कुठलंही न्यायालय शिक्षेत सांगत नाही. बडा कैदी हिरवळीवर बसतो आणि गरीब कैद्याला वर्तमानपत्रासाठी हात पसरावे लागतात, खरी चीड याची यायला हवी.

नातेवाइकांनी काय करावं?

सीमाभागात एकाच घरातला माणूस कर्नाटकात आत असतो आणि घरचे महाराष्ट्रात राहतात, असंही घडतं. अशांनी भेटीच्या वेळी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : काम कुठल्या श्रेणीत धरलंय, खात्यावर किती जमा झाले आणि किती कशासाठी कापले. उत्तर मिळालं नाही, तर तुरुंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. कैद्याला तिथं वकील मोफत मिळतो, मग तो कुठल्याही राज्याचा असो.