शिकवणे घरी, गृहपाठ वर्गात
(गणिताच्या वर्गात : लेखांक 5)

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातले वुडलँड पार्क हायस्कूल. खेळांच्या सामन्यांसाठी मुले दूरदूरच्या गावी जात आणि त्यांचे तास बुडत. म्हणून 2007 मध्ये जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी धडे रेकॉर्ड करायला घेतले. मुलांना शिक्षक खरा लागतो तो अडल्यावर, हे त्यांना उमगले. मग शिकवणे व्हिडिओतून घरी गेले आणि गृहपाठ वर्गात आला. हीच 'फ्लिप्ड क्लासरूम'.

गणिताला ती विशेष मानवते. दहावीची 'पूर्ण वर्ग पद्धती' घ्या. क्ष² + 6क्ष = 16 या समीकरणात दोन्ही बाजूंना 9 मिळवले की (क्ष + 3)² = 25 होते. रीत समजायला आठ-दहा मिनिटे पुरतात. घोटाळा होतो सोडवताना. कुणी 9 फक्त डावीकडे मिळवतो, कुणी 25 चे वर्गमूळ नुसते 5 धरून उत्तर 2 लिहितो. उणे 8 राहूनच जाते. रात्री घरी ही चूक दहा उदाहरणांत तशीच गिरवली जाते. वर्गात बाकांमधून फिरणारा शिक्षक ती पहिल्याच उदाहरणात पकडतो.

मिनेसोटातील बायरन हायस्कूलकडे नवी पुस्तके घ्यायला पैसे नव्हते. 2010 मध्ये गणिताच्या शिक्षकांनी पाठ्यपुस्तकच बाजूला ठेवले, अभ्यासक्रम स्वतः बांधला, व्हिडिओही स्वतःच केले. राज्याच्या गणित चाचणीत अपेक्षित पातळी गाठणारी मुले 2006 मध्ये सुमारे 30 टक्के होती, 2011 मध्ये सुमारे 74 टक्के झाली. मात्र व्हिडिओ आले ते या काळाच्या अखेरीस. तेव्हा सगळे श्रेय त्यांना देता येत नाही.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतील प्रयोग तर सावधच करतो. तिथे कोणते वर्ग या पद्धतीने शिकतील, हे यदृच्छेने ठरवले होते. गणितात सुरुवातीला फायदा दिसला, पण अंतिम परीक्षेपर्यंत तो विरला. शिवाय फायदा मुख्यतः आधीच पुढे असलेल्यांना झाला आणि दरी रुंदावली.

आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे दीक्षा अ‍ॅपवरचे साहित्य हाताशी आहे. अडचण फोनची. तो वडिलांसोबत कामावर जातो, रात्री उशिरा घरी येतो. अशा शाळेत तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना एकत्र व्हिडिओ दाखवावा आणि उरलेला वेळ उदाहरणांना द्यावा. पण त्या वेळात शिक्षक खुर्चीत बसून राहणार असतील, तर हा खटाटोप करूच नये.

(पुढील आठवड्यात : भूमितीची सिद्धता गटात कशी सोडवावी?)