लघुग्रहाचे बारसे



५ सप्टेंबर म्हटले की तुम्हाला शिक्षक दिन आठवतो. १८८८ साली याच दिवशी डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म झाला. आमच्या कोल्हापुरात हा दिवस बहुधा पावसाचा असतो. भिजलेले गुलाब हातात धरून मुले-मुली शिक्षकांच्या खोलीत येतात. एका वर्षी अशीच फूल द्यायला आलेली अकरावीतली एक विद्यार्थिनी जाता जाता थांबली आणि म्हणाली, "सर, आज फ्रेडी मर्क्युरीचाही वाढदिवस असतो. आम्ही मैत्रिणींनी वर्गणी काढली आहे. त्याच्या नावाने एक तारा विकत घ्यायचा म्हणतोय. घेऊ का?"

तिच्याजवळ एक जाहिरात होती. पैसे भरा, आवडत्या व्यक्तीचे नाव ताऱ्याला द्या आणि वर चौकटीत लावण्याजोगे प्रमाणपत्र मिळवा, असा तिचा मथितार्थ होता.

मी म्हणालो, "पैसे जपून ठेव. ताऱ्यांची नावे विकत मिळत नाहीत. आणि तुझ्या फ्रेडीला आकाशात जागा केव्हाच मिळाली आहे, तीही मोल न देता." ती कशी मिळाली, ते आज आपण पाहू.

पाचगणीचा विद्यार्थी

फ्रेडी मर्क्युरी म्हणजे 'क्वीन' या इंग्लंडमधील रॉक वाद्यवृंदाचा गायक. त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. एका पारशी कुटुंबात ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे त्याचा जन्म झाला. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास आईवडिलांनी त्याला शिक्षणासाठी आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत धाडले. तेथे तो पियानो शिकला, आणि बाराव्या वर्षी सवंगड्यांना जमवून त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला वाद्यवृंद काढला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सच्या आजाराने त्याचे निधन झाले.

'क्वीन'मध्ये गिटार वाजवणारे ब्रायन मे हे पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात १९७० साली त्यांनी सूर्यमालेतील धुळीवर संशोधन सुरू केले. पुढे गाण्याच्या धबडग्यात ते अर्धवट राहिले. मात्र त्यांनी ते सोडून दिले नाही. २००७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळवली! २०१६ साली फ्रेडीच्या सत्तराव्या जन्मदिनी याच ब्रायन मे यांनी जाहीर केले, की १७४७३ क्रमांकाच्या लघुग्रहाला 'फ्रेडीमर्क्युरी' हे नाव देण्यात आले आहे.

सातबाऱ्यावरचे नाव

मग त्या जाहिरातीतला तारा आणि हा लघुग्रह यांत फरक काय? पन्हाळगड तुमच्या नावे केल्याचा सुरेख कागद कोणी छापून दिला, तर त्याने सातबाऱ्यावर तुमचे नाव चढत नाही. आकाशातील सातबारा सांभाळते ती १९१९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना, आणि ती नावे विकत नाही. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रातले नाव केवळ त्याच्या स्वतःच्या वहीत राहते. जगातला कोणताही खगोलशास्त्रज्ञ ते वापरत नाही.

लघुग्रहाला मात्र नाव मिळू शकते. पण आपल्याकडे बाळाचे बारसे बाराव्या दिवशी होते, तर या लघुग्रहाचे बारसे व्हायला २५ वर्षे लागली. एवढा उशीर का?

सरकणारा ठिपका

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान लाखो लहानमोठे खडक सूर्याभोवती फिरत आहेत. हेच लघुग्रह. आपला लघुग्रह अवघा साडेतीन किलोमीटर रुंदीचा. सपाट रस्ता असता, तर पाऊण तासात पायी ओलांडता आला असता! इतक्या दुरून तो मोठ्या दुर्बिणीतूनही ताऱ्यासारखा केवळ ठिपकाच दिसतो. मग तो तारा नव्हे, हे कळते कसे? आकाशाच्या एकाच भागाची छायाचित्रे काही वेळाच्या अंतराने घेतात. तारे जागच्या जागी राहतात, आणि एखादा ठिपका मात्र किंचित सरकलेला आढळतो.

२१ मार्च १९९१ रोजी चिली देशातील ला सिला वेधशाळेत बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ हेन्री डेबेहोन्य यांना असाच एक ठिपका सापडला. त्याला तात्पुरते नाव मिळाले, '१९९१ एफएम३'. हे नाव म्हणजे एक सांकेतिक लिपीच आहे. वर्षाचे पंधरवडे इंग्रजी मुळाक्षरांनी दाखवतात. जानेवारीचा पहिला 'ए', दुसरा 'बी', अशा रीतीने मार्चचा दुसरा पंधरवडा 'एफ'. पुढचे अक्षर त्या पंधरवड्यातील अनुक्रम सांगते. 'आय' हे अक्षर १ या अंकासारखे दिसते, म्हणून ते गाळतात. उरलेली २५ अक्षरे संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. 'एम' हे बारावे अक्षर, आणि ३ म्हणजे अक्षरमाला तीन वेळा संपली. म्हणून ३ × २५ + १२ = ८७. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यातला हा ८७ वा शोध! आणि गंमत पाहा. 'एफ' आणि 'एम' ही फ्रेडी मर्क्युरीचीच आद्याक्षरे. त्या वेळी फ्रेडी हयात होता. निव्वळ योगायोग!

ताटाचा प्रयोग

तात्पुरते नाव मिळाले, तरी लघुग्रह अजून आपल्या हाती आलेला नसतो. तो उद्या, पुढच्या वर्षी, दहा वर्षांनी कोठे असेल हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी त्याची संपूर्ण कक्षा कळावी लागते, आणि दिसलेला असतो तिचा लहानसा तुकडा.

घरी एक प्रयोग करा. ३० सेंटिमीटर व्यासाचे ताट कागदावर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवा. या वर्तुळाचा २ सेंटिमीटर लांबीचा तुकडाच दिसेल अशा रीतीने बाकीचा भाग झाका, आणि मित्राला म्हणा, "ताट केवढे ते सांग!" त्याला ते जमणार नाही. तुकड्याची दोन टोके सरळ रेषेने जोडली की ती जीवा, आणि मधोमध कंस जीवेपासून जेवढा उचललेला असतो तो शर. लहान कंसासाठी

शर = (जीवा)² ÷ (८ × त्रिज्या)

हे सूत्र जवळजवळ बरोबर ठरते. जीवा २ सेंटिमीटर, त्रिज्या १५ सेंटिमीटर, म्हणून शर ४ ÷ १२०, म्हणजे मिलिमीटरचा फक्त तिसरा हिस्सा. पेन्सिलीची रेघही याहून जाड असेल! आता १० सेंटिमीटरचा तुकडा उघडा करा. शर ८ मिलिमीटरांहून अधिक भरतो आणि साध्या पट्टीनेही मोजता येतो. तुकडा पाचपट लांब झाला, तर वक्रता पंचवीसपट ठळक झाली.

लघुग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि आपण ती फिरत्या पृथ्वीवरून पाहतो, म्हणून तेथले गणित अधिक अवघड. पण मर्म हेच. तुकडा लांब हवा, आणि लांब तुकड्याला वर्षे लागतात. निरनिराळ्या वर्षी तोच लघुग्रह पुन्हा सापडावा लागतो. कक्षेविषयी खात्री पटली की मगच त्याला कायमचा क्रमांक मिळतो. आपल्या लघुग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीच्या २.३९ पट निघाले. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार २.३९ चा घन करा, १३.६५. त्याचे वर्गमूळ ३.६९. म्हणजे त्याचे एक वर्ष आपल्या सुमारे ३ वर्षे ८ महिन्यांचे. शोधापासून बारशापर्यंत त्याने सूर्याभोवती जवळजवळ सात फेऱ्या पूर्ण केल्या होत्या.

नावाचे नियम

क्रमांक मिळाल्यावर नाव सुचवण्याचा पहिला मान दहा वर्षांपर्यंत शोधकाचा. निर्णय संघटनेच्या समितीचा. नाव १६ अक्षरांहून मोठे नसावे. इंग्रजी लिपीत 'फ्रेडीमर्क्युरी' १४ अक्षरांत बसते. व्यापारी मालाचे नाव चालत नाही. राजकारणी व सेनानी यांच्यासाठी मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबावे लागते, गायकांना ही अट नाही. आपल्या पंडित जसराजांचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. २००६ साली सापडलेल्या एका लघुग्रहाला २०१९ मध्ये त्यांचे नाव मिळाले. त्याचा क्रमांक ३००१२८. हे अंक दोन-दोन घेऊन शेवटाकडून वाचा: २८-०१-३०. पंडितजींची जन्मतारीख!

सात लाखांहून अधिक लघुग्रहांना आज क्रमांक मिळाले आहेत, पण नाव लाभलेले शंभरात पाचही नाहीत.

वर्गणीचे काय झाले?

त्या मुलींनी वर्गणीत थोडी भर घालून एक द्विनेत्री दुर्बीण घेतली. फ्रेडीचा लघुग्रह तिच्यातून दिसणार नाही, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. पण वेस्ता हा सर्वांत तेजस्वी लघुग्रह, तो पृथ्वीच्या जवळ असताना, द्विनेत्रीतून दिसतो. पाऊस सरल्यावर, वेस्ता अनुकूल जागी आला तेव्हा, गावाबाहेर अंधाऱ्या जागी जाऊन त्यांनी काही रात्री तोच ताराप्रदेश वहीत काढला. चौथ्या चित्रात एक ठिपका सरकला होता! वही घेऊन ती मुलगी माझ्याकडे धावत आली, तेव्हाचा तिचा चेहरा कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा चौकटीत लावण्याजोगा होता.

तुम्हीही आपल्या आवडत्या गायकाचा वाढदिवस असा साजरा करून पाहा. आकाशाच्या नकाशात वेस्ताची जागा शोधा, तीन-चार रात्री वही भरा आणि कोणता ठिपका सरकला ते तुमच्या शिक्षकांना दाखवा.