दोन चाव्यांची तिजोरी, दोन तटांचा गड

बँकेच्या तिजोरीची गंमत माहीत आहे का? मोठी तिजोरी एका चावीने उघडतच नाही! दोन चाव्या लागतात आणि त्या असतात दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. एक चावी चोराच्या हाती लागली, तरी तिजोरी बंद ती बंदच.

पण बँका नव्हत्या तेव्हा राज्याचा खजिना कुठे ठेवत असतील? हे बघायला पासली गावच्या मुलांना लांब जायला नको. त्यांच्या शेजारीच तोरणा किल्ला आहे आणि तोरण्याच्या पूर्वेला, डोंगरधारेने जोडलेला राजगड.

1646 च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला. गडाची डागडुजी करताना धनाने भरलेले हंडे सापडले, असं सांगतात. महाराजांनी ते धन पुन्हा पुरून ठेवलं नाही. ते खर्चून मुरुंबदेवाच्या डोंगरावर त्यांनी बांधकाम काढलं. तोच राजगड! पुढे जवळजवळ पाव शतक ती स्वराज्याची राजधानी होती. 1664 मध्ये सुरतेची संपत्तीही महाराजांनी इथेच आणली.

मग बंदोबस्त कडक नको का? चला राजगडाच्या संजीवनी माचीवर. इथे एका तटाच्या आत दुसरा तट आहे आणि दोहोंच्या मध्ये अरुंद बोळ. समजा, शत्रूने बाहेरचा तट फोडला. आरडाओरडा करत तो आत घुसला, तर समोर पुन्हा भिंत! बोळात तोफ वळवायला जागा नाही, शिडी लावायलाही नाही. वरून मात्र दगड-गोळ्यांचा मारा चालूच. काही बुरुजांनाही बाहेरून आणखी एक बुरुज वेढून आहे. त्यांना म्हणतात चिलखती बुरुज. मार खायचा बाहेरच्याने, आतला शाबूत!

एवढा दगड वर चढवला कसा? अहो, डोंगरच काळ्या बसाल्टचा! गडावरचाच खडक फोडायचा, त्याचे चिरे तटाला लावायचे आणि उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठवायचं. झालं टाकं तयार! एका खोदकामात दोन कामं. शत्रूने महिनोन्‌महिने वेढा घातला, तरी पाण्यावाचून गड सोडायची पाळी नको.

राजगडावर गेलात, तर टाक्याच्या कडेला छिन्नीचे घाव शोधा. मग तटाकडे वळा आणि सांगा बघू, टाक्यातला दगड गेला कुठे?