ब्रश लागण्याआधीचे चार मीटर

गुरुग्रामजवळच्या मानेसरमध्ये धुवायला येणाऱ्या गाडीवर असते ती मुख्यतः बारीक वाळू. एका बाजूला अरवलीच्या टेकड्या, पलीकडे राजस्थानची कोरडी जमीन, मधून अखंड वाहणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि चारी बाजूंना चाललेली बांधकामं. चाकण-तळेगावच्या माणसाला काळ्या मातीचा चिखल माहीत असतो. तो चिकट असतो, सोडवायला वेळ खातो, पण मऊ असतो. इकडच्या धुळीत क्वार्ट्झचे कण भरपूर. कठीणपणाच्या मोस मोजपट्टीवर क्वार्ट्झ सातव्या क्रमांकावर येतं आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक लेप त्याच्यापुढे फारच मऊ ठरतो. अशा धुळीवर थेट ब्रश फिरला की उन्हात दिसणारे ते गोल गोल ओरखडे उमटतात.

म्हणूनच ब्रशच्या आधीची तयारी, जिला या धंद्यात सगळे ‘प्रेप’ म्हणतात, हा माझ्या मते धुलाईचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. सगळ्यात जास्त हातही इथेच लागतात. बोगद्यासारख्या धुलाई केंद्राच्या तोंडाशी डावीकडे एक, उजवीकडे एक असे दोघे प्रेशर गन घेऊन उभे असतात. फोम मारायचा, चाकं घासायची, बंपरवरचे किडे काढायचे, पाणी मारायचं आणि गाडी पुढे सोडायची.

कन्व्हेयर तासाला ६० गाड्या घेत असेल तर या दोघांना एका गाडीमागे एक मिनिट मिळतं. सकाळी गर्दी नसताना काम नीट होतं. संध्याकाळी रांग लागली की पहिली काटछाट होते ती फोम मुरण्याच्या वेळेत. पिठल्याची कढई भिजत न घालता घासायला घ्यावी, तसा तो प्रकार. हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिन्नर यांनी १९५९ मध्ये धुलाईचा हिशेब चार गोष्टींत मांडला होता: रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ. एक कमी केली तर उरलेल्या तिघींपैकी कुठली तरी वाढवावी लागते. वेळ कापला की गडी जास्त रसायन ओततो किंवा जोरात घासतो. दोन्हींचा खर्च मालकाच्या माथी येतो आणि ओरखडे गिऱ्हाइकाच्या गाडीवर.

हीच तयारी गड्यांऐवजी करणारं यंत्र नेमकं काय करतं, ते गाडीबरोबर चालत जाऊन पाहू.

गाडी न्यूट्रलमध्ये कन्व्हेयरवर चढते आणि मागून आलेला रोलर चाकाला ढकलू लागतो. तोंडाशी असलेल्या फोटो सेन्सरचा किरण बंपरने अडवला की गाडी सुरू झाली आणि किरण मोकळा झाला की संपली, एवढं पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाला, कळतं. खरी गंमत कन्व्हेयरला जोडलेल्या पल्स स्विचची आहे. साखळी ठरावीक अंतर सरकली की तो एक ठोका देतो. पीएलसी सेकंदांऐवजी हे ठोके मोजतो. त्यामुळे पुढे काही अडलं आणि कन्व्हेयर थांबला तर मोजणीही थांबते. गाडी नक्की कुठे आहे हे यंत्र विसरत नाही. निव्वळ टायमरवर चालणारी स्वस्त जोडणी अशा वेळी रिकाम्या जागेवर पाणी मारत बसते. खरेदी करताना हा प्रश्न आधी विचारावा.

नोझल बसवलेल्या पहिल्या कमानीत कमी दाबाने अल्कधर्मी द्रावण पडतं. हाताने फोम मारताना जाणकार माणूस खालून वर जातो, कारण कोरड्या पत्र्यावरून द्रावणाचे ओघळ खाली आले की पट्टे उठतात. कमानीतही खालच्या नोझल किंचित आधी उघडता येतात. द्रावण किती पातळ हे डोसिंग पंप ठरवतो, त्यामुळे पहिल्या आणि शंभराव्या गाडीला सारखंच मिळतं.

त्यानंतर काहीच नाही. चार मीटर मोकळी जागा. पाहायला आलेल्या मालकाला ती वाया गेल्यासारखी वाटते आणि तिथे आणखी एखादं यंत्र बसवावंसं वाटतं. तसं करू नये. एका गाडीच्या तोंडापासून मागच्या गाडीच्या तोंडापर्यंत सहा मीटर अंतर धरलं तर तासाला ६० गाड्यांसाठी कन्व्हेयर मिनिटाला सहा मीटर चालतो, म्हणजे सेकंदाला दहा सेंटिमीटर. चार मीटर म्हणजे ४० सेकंद. गर्दीत गड्याकडून सुटणारी मुरण्याची वेळ इथे जमिनीवरच आखून दिलेली असते. मे-जूनच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर द्रावण तेवढ्यातही सुकू शकतं. म्हणून या पट्ट्यावर छप्पर हवं आणि तापलेल्या गाडीवर आधी साध्या पाण्याचा फवारा.

मग उच्च दाबाच्या नोझल. चाकं आणि दरवाज्याखालची पट्टी यांच्यासमोर फिरत्या धारेच्या नोझल असतात. धार बारीक, पण वेगाने गोल फिरत असल्यामुळे जोर न गमावता रुंद पट्टा झाडते. अंतर वाढलं की माराही झपाट्याने कमी होतो, म्हणून गाडी सरळ रेषेत येणं महत्त्वाचं. दहा नोझल, प्रत्येकी मिनिटाला आठ लिटर, दाब ८० बार धरला तर साधारण १५ किलोवॉटची मोटर लागते. मानेसरच्याच कारखान्यात बनलेली डिझायर ३,९९५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे ती या नोझलपुढून ४० सेकंदांत जाते. वीज लागते युनिटचा सहावा हिस्सा. ९ रुपये दराने दीड रुपया.

पाणी मात्र ५० लिटरच्या पुढे जातं. गुरुग्राम जिल्ह्यात जमिनीतून होणारा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे. शेजारच्या दिल्लीत मे २०२४ मध्ये पाइप लावून गाडी धुणाऱ्याला २,००० रुपये दंड लावण्याचे आदेश निघाले होते. तेव्हा पाण्याच्या पुनर्वापराची सोय आधी आणि कमान नंतर, हाच क्रम धरावा. प्रेपच्या पाण्यातच सर्वाधिक गाळ असतो, त्यामुळे त्याचा खड्डा वेगळा ठेवावा. निवळलेलं, गाळलेलं पाणी पुन्हा चाकांसाठी आणि ताजं पाणी शेवटच्या धुण्याला. गाळण कच्चं राहिलं तर तीच वाळू नोझलची भोकं झिजवते.

आता पगाराचा हिशेब. एका माणसाचा मालकाला पडणारा खर्च महिना १८,००० रुपये धरू, त्यात भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विम्यातला (ईएसआय) मालकाचा ३.२५ टक्के वाटा आला. दोन पाळ्यांत चार माणसं म्हणजे ७२,०००. यंत्रानंतर पाळीला एक उरतो, वाचतात ३६,०००. देखभालीचे ६,००० आणि रोज १०० गाड्यांच्या विजेचे ४,५०० वजा केले की हाती २५,५००. यंत्र बारा लाखांना पडलं असं धरलं तर पैसे वसूल व्हायला जवळपास चार वर्षं. रोज वीसच गाड्या येतात आणि एकच माणूस सगळं करतो, तिथे कमान घेणं परवडत नाही. त्यांनी ठरावीक प्रमाणात रसायन सोडणारी फोम गन आणि भिंतीवर एक टायमर लावावा. निम्मा फायदा तेवढ्यातच मिळतो.

पाळीचा तो एक माणूस काढू नये. सैल झालेली नंबरप्लेट, छतावरचं कॅरिअर, उघडी राहिलेली काच, चाकाच्या कमानीत घट्ट बसलेला सिमेंटचा थर हे फोटो सेन्सरला दिसत नाही. जो कमी होतो त्याच्याबद्दलही विचार हवा. हे तरुण बहुधा उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले असतात. जानेवारीच्या थंडीत ओल्या बुटांत आणि अल्कधर्मी पाण्यात हात घालून ते आठ तास उभे असतात. त्यांना त्या जागेवरून हलवणं चांगलंच आहे. पण हलवून कोरड्या बाजूला न्यावं: आतली सफाई, शेवटची तपासणी. धुलाई केंद्राची जादा कमाई तिथेच होते आणि त्या कामाला माणूस लागतोच.

यंत्राची देखभालही अशा हलवलेल्या माणसाकडे द्यावी. पाणी जड असलं की नोझलमध्ये क्षार साचतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक नोझलखाली एक मिनिट बादली धरून पाणी मोजायचं. आठ लिटरऐवजी साडेसहा आलं तर ती तुंबली आहे, साडेनऊ आलं तर झिजली आहे. जिथे कमी पडतं, तिथे गाडीच्या अंगावर त्याच उंचीला धुळीची आडवी पट्टी राहते. वर्षानुवर्षं गन धरलेल्या माणसाच्या नजरेला ती सगळ्यात आधी दिसते.