चाहत्यांनी रचलेली साहसकथा : 'नेव्हरविंटर नाइट्स'मधील मॉड्यूलचे स्वरूप

प्रस्तावना : कॅनडातील बायोवेअर या कंपनीने २००२ साली 'नेव्हरविंटर नाइट्स' हा अद्भुतरम्य संगणकीय खेळ निर्माण केला व त्यासोबतच 'ऑरोरा' हे रचनासाधन खेळाडूंच्या हाती दिले. त्याच्या साहाय्याने चाहत्याने रचलेल्या स्वतंत्र साहसकथेस 'मॉड्यूल' असे म्हणतात. या कथाप्रकाराचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्वरूप : मॉड्यूलकर्ता तयार चौकोनी तुकडे जोडून गाव, अरण्य वा भुयार उभारतो, पात्रे योजतो आणि संवाद लिहितो. हे संवाद वृक्षाप्रमाणे शाखायुक्त असतात. उदाहरणार्थ, पहारेकऱ्याचे मन वळवावे, त्यास धमकवावे की माघारी फिरावे, हे खेळाडू ठरवतो. त्याच्या निवडीची नोंद आज्ञावलीद्वारे ठेवता येते व पुढील घटना त्यानुसार बदलतात. साहजिकच, लेखकाने लिहिलेले सर्व काही एकाच खेळात खेळाडूच्या वाचनात येत नाही.

जतनाचा प्रश्न : छापील पुस्तक स्वयंपूर्ण असते, मॉड्यूल मात्र मूळ खेळावाचून खेळता येत नाही. अनेक मॉड्यूलना 'हॅकपॅक' या पूरक धारिकाही लागतात. त्या हरवल्यास कथा हाती असूनही निरुपयोगी ठरते. २०१८ साली बीमडॉग कंपनीने खेळाची सुधारित आवृत्ती आणल्याने बहुतेक जुनी मॉड्यूल नव्या संगणकांवरही खेळता येऊ लागली.

निष्कर्ष : मॉड्यूलची संहिता म्हणजे खेळाडूने अनुभवलेली एक वाट नव्हे, न निवडलेल्या शाखाही तिचाच भाग होत. म्हणून अभ्यासकाने केवळ कथासार नोंदवून न थांबता मूळ धारिका, तिचे पूरक घटक व खेळाची आवृत्ती यांचे एकत्रित जतन करणे अगत्याचे आहे.